किंमत कुणाला सांगायची

रविवारी आमच्याकडे दोन वर्तमानपत्रं येतात. मराठी आईचं आणि इंग्रजी माझं अशी वाटणी आहे खरी, पण नाश्त्याच्या वेळी दोन्ही टेबलावर एकमेकांवर पसरलेली असतात. त्यांच्यावर पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, देऊन गेलेले उंडे (गोल पाव), चहाच्या कपाचे गोल डाग आणि आईचा चष्मा. त्या रविवारी आई मराठी पेपरातली एक जाहिरात वाचत होती. ती जाहिराती नुसत्या बघत नाही, वाचते; सेलच्या तारखेपासून तळाच्या बारीक अटींपर्यंत सगळं. वाचून झाल्यावर तिनं इंग्रजी पेपर पुढं ओढला, कारण त्यातही तेच नाव दिसलं होतं. एकच बिल्डर, एकच प्रकल्प, पर्वरीच्या पलीकडचं एकच गाव. पुढच्या बाजूला व्हिला, मागच्या बाजूला फ्लॅट. इंग्रजीत अर्धं पान: पहाटेचं धुकं, माडांची रांग, कोपऱ्यात स्विमिंग पूलचा निळा तुकडा आणि उजवीकडे खाली, मधे भरपूर जागा सोडून मांडलेल्या बारीक अक्षरांत प्रकल्पाचं नाव. शेजारी एक क्यूआर कोड. संपलं. मराठीत पाव पान, आणि त्या पाव पानात काय नव्हतं! लाल चांदणीत 'फक्त' आणि किंमत, कर्ज देणाऱ्या बँकांची नावं, म्हापशाचं मार्केट किती मिनिटांवर, हॉस्पिटल किती मिनिटांवर, लिफ्ट, जनरेटर, स्टिल्ट पार्किंग, ठळक फोन नंबर आणि देऊळ, चर्च, पेट्रोल पंप दाखवणारा नकाशा.

आईनं दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि इंग्रजी पानावरून बोट फिरवत विचारलं, "हांगा मोल खंय गो?"

"ना. तातूंत मोल घालिनात."

"म्हणजे जाका परवडटा ताका मोल सांगूंक नाका," ती म्हणाली. "आनी जाका परवडना ताका पयलीं मोल, मागीर घर." उंडा चहात बुडवून ती पुढच्या पानावर गेली.

ती गेली, मी तिथंच अडकले. मराठी जाहिरातीचा मजकूर मीच लिहिला होता.

पणजीतल्या एका छोट्या जाहिरात संस्थेत मी हेच काम करते. प्रकल्प आला की आधी इंग्रजी जाहिरात तयार होते. तिच्यावर बैठका झडतात, फोटोग्राफर पहाटे शेताच्या बांधावर जाऊन उभा राहतो, फोटोतले विजेचे खांब आणि तारा संगणकावर पुसल्या जातात, शेतात वाकलेली बाई असेल तर तीही. नावाची अक्षरं पुन्हा पुन्हा बदलतात. ती मंजूर झाली की "मराठी करून टाक" म्हणून फाइल माझ्याकडे येते, बहुधा शुक्रवारी दुपारी, आणि सोबत सूचना: किंमत मोठी करा, बँका घाला, स्विमिंग पूल काढा. पूल का काढायचा, असं मी एकदा विचारलं होतं. "आपल्या लोकांना पूल दिसला की मेन्टेनन्स दिसतो," असं उत्तर मिळालं. यात तथ्य आहे, हे मला नाकारता आलं नाही. आमच्या आईनंही तेच विचारलं असतं.

पेपरातली जागा कॉलम सेंटिमीटरवर विकत घ्यावी लागते आणि रिकाम्या सेंटिमीटरला सूट नसते. अर्ध्या पानावर धुकं पसरून ठेवायला पैसे पडतात, आणि ते पडतात हे वाचणाऱ्याला कळावं, हाच त्या धुक्याचा उपयोग. याउलट म्हापशाच्या कापडवाल्याला पैसे मोजलेला एकेक सेंटिमीटर कामाला लावायचा असतो. तो प्रूफवर बोट ठेवून म्हणतो, इथं जागा आहे की, परकर घाला. आमच्या ऑफिसातली नवी डिझायनर मुलं अशा जाहिरातीला 'मासळी बाजार' म्हणतात. मला त्यांचा राग येत नाही. पण बाजारात सकाळी कोण कसं वागतं ते त्यांनी नीट पाहिलेलं नसावं. तिथं भाव विचारतात, बांगड्याचे कल्ले उघडून बघतात, 'कालचे दिसतात' म्हणत दोन पावलं पुढं जायचं नाटक करतात आणि परत बोलावलं जाण्याची वाट पाहतात. गच्च भरलेली जाहिरात अशाच गिऱ्हाइकाला धरून केलेली असते. हा माणूस विचारणार, हे तिला ठाऊक असतं. धुक्याच्या जाहिरातीत कल्ले उघडायची सोयच ठेवलेली नसते.

बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या रेरा कायद्याचंच बघा. २०१६च्या त्या कायद्यानं प्रत्येक जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यायला सांगितलं आहे. इंग्रजी पानावर तो क्रमांक धुक्यापेक्षा एकच छटा गडद अशा राखाडी रंगात, पानाच्या अगदी तळाशी होता. मराठीत तो फोन नंबरच्या खाली काळ्या ठळक अक्षरांत होता. त्यात माझा प्रामाणिकपणा वगैरे काही नाही. जिथं सगळंच ओरडत असतं तिथं एकट्या क्रमांकाला कुजबुजायला लावता येत नाही.

थोडा दोष लिपीवर ढकलायची आमच्यात रीत आहे. रोमनची मोठी अक्षरं एका पट्टीत बसतात, त्यांच्यात हवं तेवढं अंतर टाकून पाच अक्षरांचं नाव पानभर लांबवता येतं. देवनागरीत असं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. दोन ओळींत ऐसपैस जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. हे सगळं खरं, पण ही सबब मला पुरत नाही. र. कृ. जोशी जाहिरातीच्याच धंद्यात राहून आयुष्यभर देवनागरी अक्षरावर काम करत राहिले. संगणकावरचा 'मंगल' फाँट त्यांचाच. कमल शेडगे तर पेपराच्या चिमूटभर जागेत नाटकाचं नाव असं काढायचे की ते विनोदी आहे की गंभीर, हे जाहिरात वाचायच्या आधी कळायचं. त्यांच्याही वाट्याला जागा कमीच होती. आमच्याकडे कमी असतो तो वेळ. शुक्रवारच्या दुपारी कोण वेलांट्या निस्तरत बसतो?

लहानपणी डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात एक पेंटर होता. देवळाच्या जत्रेला होणाऱ्या नाटकाचा फलक तो करायचा आणि बार्देसातून तियात्रांचे, म्हणजे कोकणी नाटकांचे, फलकही त्याच्याकडे यायचे. शाळेतून येताना आम्ही त्याच्या अंगणात तासन्‌तास उभे राहायचो. खडूत घोळवलेली सुतळी तो फळ्यावर ताणून धरायचा, मधोमध चिमटीत पकडून सोडायचा आणि टपकन पांढरी सरळ रेष उमटायची. मग डाव्या हाताखाली काठी टेकवून, तिच्यावर उजवा हात ठेवून चपट्या ब्रशानं अक्षर. टर्पेंटाइनचा तो वास अजून नाकात आहे. नाटकाच्या फलकावर वर देवाचं नाव, मधे तिरक्या ठसठशीत अक्षरांत नाटकाचं नाव, खाली 'रात्रौ ठीक १० वाजता', जे बारापूर्वी सुरू होणार नाही हे साऱ्या गावाला माहीत असायचं, आणि मग गावातल्या सगळ्या हौशी नटांची नावं, एका मापाची. कुणाचं नाव बोटभर मोठं झालं तर तालमीत भांडण ठरलेलं. तियात्राच्या फलकावर मात्र पिवळ्याधमक रंगावर रोमन अक्षरांत मोजके शब्द, दोन चेहरे आणि तारखेसाठी मोकळी सोडलेली चौकट. हा फरक का, असं आमच्यातल्या कुणीतरी विचारलं तेव्हा ब्रश न थांबवता तो म्हणाला, "नाटकाचो फळो देवळाकडेन बसून वाचतात, तियात्राचो बशींतल्यान." मी पुढं या धंद्यात आल्यावर प्रेक्षकवर्ग या विषयावर कितीतरी सादरीकरणं पाहिली. त्यांच्या रंगीत वर्तुळांपेक्षा मला त्या एका वाक्यातून जास्त मिळालं. वाचणारा बसलाय की धावत्या बसमध्ये आहे, त्याला वेळ किती आहे, आणि त्यात आपलं नाव शोधणार आहे का.

आपलं नाव शोधणाऱ्यांसाठी असते ती खरी गर्दीची जाहिरात. इंग्रजी पेपरातलं निधनाचं पान बघा. गोव्यातल्या ख्रिश्चन घरांतल्या त्या चौकटींत मृत व्यक्तीचं नाव, मग कुणाचा नवरा, कुणाचा बाप, सुनाजावयांची नावं, कोण कुवेतला, कोण लंडनला, अंत्ययात्रा किती वाजता घरातून निघेल आणि कुठल्या चर्चमध्ये जाईल, आणि शेवटी हेच एकमेव निमंत्रण समजावं अशी विनंती. बाकीच्या पेपरात अर्धी अर्धी पानं मोकळी सोडणारं इंग्रजी इथं मात्र नात्यागोत्यांनी गच्च भरतं, कारण कुणाचं नाव राहिलं तर घरी रामायण घडेल. मराठी पेपरात उलट. फोटोला हार, 'भावपूर्ण श्रद्धांजली', दोन ओळींची कविता आणि खाली 'शोकाकुल: समस्त कुटुंबीय'. सगळ्यांना एका 'समस्त'मध्ये गुंडाळून टाकलं की भांडणच मिटलं. म्हणजे गर्दी मराठीची आणि मोकळीक इंग्रजीची, असं काही रक्तात नसतं. आणि त्याच इंग्रजी पानाच्या कोपऱ्यात माझी सगळ्यात आवडती जाहिरात असते: सेंट अँथनीचे किंवा सेंट ज्यूडचे, नवस फळाला आल्याबद्दल, आभार. नाव नसतं, फक्त आद्याक्षरं. पैसे भरून छापलेली, आणि वाचणारा स्वर्गात. त्याच्या वयोगटाची आणि उत्पन्नाची काळजी कुणी करत नाही.

किंमतीकडे परत यायचं तर ती सगळ्यात मोठ्या अक्षरात कुठं छापतात? गाड्यावर माळेनं लटकणाऱ्या शाम्पूच्या पुड्यांवर. तिथं ब्रँडच्या नावाशी किंमत स्पर्धा करते. तोच शाम्पू बाटलीत गेला की किंमत पाठीमागे, शिक्क्याच्या शाईत, शोधायला चष्मा लागेल अशी. वेष्टनावर किंमत छापावीच लागते, कायदाच आहे. पण ती समोर आणायची की पाठीशी घालायची, हे डिझायनर ठरवतो. ऐंशीच्या दशकात निरमानं स्वस्तात पावडर विकून सर्फचं गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा सर्फला चकचकीत बायका दाखवून भागेना. मग त्यांच्या जाहिरातीत आल्या ललिताजी. कडक इस्त्रीची साडी, भाजीवाल्याशी घासाघीस, आणि महाग वस्तू घेणं हाच कसा शहाणपणाचा हिशेब आहे, हे ठणकावून सांगणं. आमच्या आईला ललिताजी आवडायच्या. पावडर मात्र निरमाच यायची. किंमतीवर बोलणाऱ्या बाईशी तिचं जमलं, पण शेवटचा शब्द तिनं तिला दिला नाही.

आता माझी खरी तक्रार. मुंबईहून येणारी आर्टवर्कं. मोठ्या कंपन्यांच्या लेखी मराठी वाचक हा एकच माणूस आहे आणि तो दादरला राहतो. चवथीच्या आधी फाइल येते ती ढोल-ताशा, फेटे, नऊवारी, नथ आणि मंडपातला उंचच उंच गणपती घेऊन. आमच्या चवथीत मंडप दुय्यम. आमची चवथ घरातली, मातीच्या मूर्तीच्या डोक्यावर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीची. कवंडाळं, माट्टां, घागऱ्या, चिबूड, सुपारीचं शिपटं, आणि रात्री घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती. एकदा मी एका फाइलीतले ढोल काढून घुमट घाला असं सुचवलं, तर मुंबईहून विचारणा झाली की हे मडकं कशासाठी? दिवाळीत पुन्हा तेच: कंदील आणि फराळाचं ताट. इथं पोरं महिनाभर नरकासुराच्या कागदाला खळ लावत असतात आणि पहाटे त्याला जाळून घरी येऊन पोहे खातात, हे त्या ताटात कुठंच नसतं. ख्रिश्चन शेजाऱ्यांची गत याहून वाईट, त्यांच्या वाट्याला डिसेंबरमध्ये बर्फ येतो. दिल्लीच्या पाहुण्याला गोवा विकताना गोव्याचं झाडन्‌झाड लागतं. गोव्यातल्या माणसाला फ्रिज विकताना मात्र गोवा कुणालाच आठवत नाही.

किनाऱ्यावरच्या पाट्या या बाबतीत जास्त चोख. मोरजीला रशियन अक्षरं, कळंगुटला गुजराती थाळी आणि 'जैन फूड मिळेल'. गिऱ्हाईक बदललं की पाटी बदलते, हंगाम संपायची वाटसुद्धा बघत नाही. आणि पणजीत मांडवीच्या काठानं रात्री गाडीतून गेलात तर सगळ्यात झगमगती जाहिरातबाजी कॅसिनोंची. १ फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयांना तिथं खेळायला बंदी आहे. आमच्याच राजधानीतला सर्वांत तेजस्वी उजेड आमच्या डोळ्यांसाठी नाही. तरी तो उजेड आम्हीच पाहतो, रोज.

हे सगळं मी आईला सांगितलं नाही. पण रविवारच्या टेबलावर दोन पानं शेजारी ठेवून तिनं जे केलं, ते लवकरच कुणालाही करता येणार नाही, हे मला रोज दिसतं. पैसा आता मोबाइलवर जातोय. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात लावताना पडद्यावर चौकटी भरायच्या असतात: शहर, वय, आवडीनिवडी. त्याच प्रकल्पाच्या व्हिलांसाठी आम्ही दिल्ली, गुरुग्राम, मुंबई, बंगळूरु भरलं, पस्तीसच्या पुढचं वय, 'लक्झरी ट्रॅव्हल'. मग बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला: वगळण्याच्या चौकटीत गोवा टाका. मला वाटलं पैसे वाचवायला म्हणत असतील, गोव्यातला माणूस व्हिला थोडाच घेणार. "तसं नव्हे," पलीकडचा मुलगा म्हणाला, "आपले लोक खाली कॉमेंट करतात." काय करतात, हे त्याला सांगावं लागलं नाही. शेत कधी बुजवलं, डोंगर कुणी कापला, पाणी कुठून आणणार. दिल्लीच्या माणसानं फोटोतलं धुकं बघावं, त्याखालची ही ओळ वाचू नये. मी गोवा टाइप केलं. खाली नकाशा आला आणि त्यात आमचं राज्य राखाडी झालं, पेडण्यापासून काणकोणपर्यंत. त्या मोहिमेखाली एकही तक्रारीची कॉमेंट आली नाही. आली ती हृदयं, आणि 'प्राइस प्लीज'. किंमत न विचारणाऱ्यांसाठी केलेल्या जाहिरातीखाली दिल्लीकर किंमतच विचारत होते, आणि त्यांना उत्तर जात होतं, 'इनबॉक्स केलंय'. ते मी आईला जरूर सांगितलं. तिनं फक्त "बरें जालें" म्हटलं.

मराठी जाहिरात नेहमीच्या चालीनं पुन्हा पेपरात गेली, फ्लॅटची, लाल चांदणीसकट. सोमवारी विक्रीच्या काउंटरवरच्या त्या मुलाचा मला वैतागलेला फोन. "तुमच्या मराठी जाहिरातीवर फोन खूप येतात हो, पण हे कसले फोन? सकाळी सकाळी एक म्हातारे गृहस्थ. किंमत विचारली नाही, बँक विचारली नाही. नकाशातलं देऊळ ओळखलं म्हणाले, जमीन रूपांतराची सनद कुठल्या साली काढली विचारलं, आणि म्हणाले जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कूळ म्हणून कुणाचं नाव होतं ते बघून सांगा, मी धरून राहतो."

"मग?"

"मग काय, अजून धरून आहेत. दुसऱ्या लाइनवर."